सी येते, जावा जमत नाही

प्रश्न : सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत अनेक वर्षे काम केल्यावर आता जावा ही दुसरी भाषा शिकत आहे. व्याकरण लवकर समजले, पण माझे प्रोग्राम अजूनही सीसारखेच दिसतात. काय करावे?

उत्तर : जावाने महिरपी कंस आणि अर्धविराम सी भाषेच्या वळणाचेच ठेवल्यामुळे व्याकरण ओळखीचे वाटते, आणि गफलत तिथेच होते. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधून ऑब्जेक्ट घडवणारा साचा; पण आपली प्रत्येक मेथड (क्लासमधले फंक्शन) स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्ट न घडवताच चालणारी असेल, तर क्लास हा निव्वळ फंक्शनांचा कप्पा उरतो. उदाहरणार्थ, बँक खात्याचा प्रकार पाहून व्याज ठरवणारा स्विच (पर्यायानुसार वाट निवडणारी रचना) जिथे ठिकठिकाणी लिहावा लागतो, तिथे प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र क्लास करून व्याजाची मेथड त्याच्याकडे सोपवावी, म्हणजे नव्या प्रकारासाठी जुने हिशेब उकरावे लागत नाहीत. इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेण्याची, मात्र घाई नको. बहुतेकदा इंटरफेसने, म्हणजे क्लासमध्ये कोणत्या मेथड हव्यात ते सांगणाऱ्या कराराने, भागते. आणि स्ट्रिंगची (मजकुराची) तुलना इक्वल्स या मेथडनेच करावी; दुहेरी बरोबर-चिन्ह मजकूर नव्हे, संदर्भ, म्हणजे दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का, ते ताडून पाहते.