मध गोठला, म्हणून टाकू नका

प्रश्न : उन्हाळ्यात महाबळेश्वरहून कच्च्या मधाच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. डिसेंबरच्या थंडीत एका बाटलीत तळापासून अर्ध्यापर्यंत पांढरट रवा जमला आहे. जाऊबाई म्हणतात की हा साखरेचा पाक असून तो उकळून घ्यावा. दुसऱ्या बाटलीला पावसाळ्यापासून फेस आणि आंबूस वास येतो. हा मध सात महिन्यांच्या नातवाला चाटवावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पहिल्या बाटलीतला मध बिघडलेला नाही, तो केवळ गोठला आहे. मधात प्रामुख्याने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करा असतात. त्यांपैकी ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे गारवा वाढताच, विशेषतः १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याचे स्फटिक होऊ लागतात. कच्चा मध फारसा न तापवता केवळ गाळून भरलेला असल्याने त्यात परागकण आणि मेणाचे बारीक कण राहतात, आणि त्यांच्याभोवती हे स्फटिक लवकर धरतात. बाटलीतला थोडा रवा चिमटीत घेऊन चोळून पाहा. बहुधा तो बोटांच्या उबेनेच विरघळू लागेल. तरीही मध गोठणे हा शुद्धतेचा दाखला नव्हे, आणि न गोठणे हा भेसळीचा पुरावाही नव्हे. पेल्यातल्या पाण्यात मध तळाशी बसतो का, हे पाहूनही काही ठरत नाही, कारण घट्ट पाकही तसाच तळाशी बसतो. खात्री हवी असेल, तर प्रयोगशाळेतील तपासणीच करावी लागते.

मध उकळू मात्र नका. पोळ्यातले तापमान साधारण ३५ अंश असते. त्याहून थोड्याच अधिक, म्हणजे ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात बाटली ठेवून मधूनमधून ढवळल्यास मध हळूहळू पातळ होतो. घाईने तापवल्यास त्याचा नाजूक सुगंध उडतो आणि विकरे (एन्झाइम) निकामी होतात. खरे तर पोळीला लावायला रवाळ मधच अधिक सोयीचा, असे माझे मत आहे.

दुसऱ्या बाटलीत पाणी वाढले असावे. मधमाश्या पंखांनी वारा घालून मकरंदातले पाणी आटवतात आणि मध पिकल्यावर पोळ्यातल्या घरांवर मेणाचे झाकण घालतात. झाकण घालण्याआधीच काढलेला मध पातळ राहतो. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात २० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी असू नये. त्यातच मध हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात झाकण सैल राहिले किंवा ओला चमचा बुडाला, की त्यातले यीस्ट जागे होऊन मध आंबतो. नव्या बाटलीवर दिसणारा पांढरा फेस पुष्कळदा अडकलेल्या हवेचा असतो, पण आंबूस वास आणि वर येणारे बुडबुडे असतील, तर तो मध खाऊ नये. गोठलेल्या मधातही वरचा पातळ थर पाणीदार होत असल्यामुळे पहिली बाटली लवकर संपवावी.

यापुढे मध काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकण लावून, शेगडी आणि उन्हापासून दूर ठेवावा. फ्रिजची गरज नाही.

नातवाला मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नये. मध शुद्ध असला तरी त्यात बॉट्युलिझम या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, आणि घरी मध तापवल्याने ते मरत नाहीत.