सामना नसतो तेव्हा मैदानावरची माणसं दिवसभर करतात काय?

तुमचा प्रश्न असा की, भाच्याला इंदुरात एका क्रिकेट मैदानावर ग्राउंड्समनचं काम मिळतंय. सामने तर अधूनमधून, मग बाकीचे दिवस ही माणसं करतात काय, आणि एक रोलर फिरवायला एवढी माणसं लागतात कशाला? मी इथल्याच एका क्लबच्या मैदानाचं काम बघतो. स्टेडियम नव्हे, साधं मैदान. सकाळ-संध्याकाळ अकादमीची मुलं, रविवारी सामना. होळकर स्टेडियमवर यंत्रं मोठी, माणसंही जास्त, पण कामाची रीत त्यांची काय नि आमची काय, सारखीच. आमची माती माळव्याची काळी.

आधी रोलरचं बोलू, कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. विकेट (पिचला आम्ही विकेटच म्हणतो) रोलरने बनत नाही, वाळण्याने बनते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. मोठा सामना असेल तर दहा-बारा दिवस आधी विकेट खोलवर भिजवायची, मग पाणी तोडायचं, आणि उरलेले दिवस ती हळूहळू, सगळीकडे सारखी वाळेल एवढंच बघायचं. हे 'एवढंच' बघण्यात अर्धा दिवस जातो. २२ यार्डांची, १० फूट रुंदीची पट्टी, पण तिचं एक टोक झाडाच्या सावलीत, दुसरं उन्हात. दोन्ही टोकं एकाच दिवशी तयार व्हायला हवीत.

रोलर कधी फिरवायचा हे माती सांगते. आमच्याकडचे एक काका रोज सकाळी उकिडवे बसून अंगठ्याचं नख मातीत दाबतात. नखाला माती चिकटली तर उठतात आणि काही न बोलता चहाकडे जातात. खूण उमटली पण नख कोरडं निघालं, तर रोलर काढा. ओल्यावर रोलर घातला तर माती उचलून ड्रमला चिकटते आणि पुढे लाटेसारखी सरकते. ती लाट मग सामन्यात चेंडूच्या उसळीत दिसते. फार वाळल्यावर घातला तर टनभर वजन फिरवूनही काही दबत नाही, नुसतं डिझेल जळतं. मधला जो काळ, तो उन्हाळ्यात तास-दोन तासांचाही असतो. तो चुकू नये म्हणून माणसं हजर लागतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बसलेत सगळे.

दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. थंडीत पहिलं काम दव झाडायचं: दोघांनी जाड दोराची टोकं धरायची आणि सीमारेषेपासून ओढत मैदानभर चालायचं. गवत कोरडं झालं की मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, अडकत नाही आणि बुरशीही कमी लागते. मोवरच्या आधी कोणीतरी पायी फिरून खडे, खिळे, बुटाचे तुटलेले स्पाइक वेचतो. एक खडा पात्यात गेला की गवतावर दिवसभर रेघ दिसत राहते आणि पातं धार लावायला जातं ते वेगळंच. आउटफील्डवर, म्हणजे विकेटच्या भोवतालच्या मैदानावर, गवत बोटाच्या पेराएवढं ठेवायचं, विकेटवर काही मिलिमीटर. गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच. भाद्रपदात आसपासच्या घरांतून 'जरा दूर्वा काढून घेऊ का' म्हणून माणसं येतात. खत आणि औषध मारलेलं असतं, म्हणून कुंपणाजवळच्या कोपऱ्याकडे पाठवतो.

नऊच्या सुमाराला पोहे. वर शेव, जिरावन मसाला, आणि कोणाला हवी असेल तर जिलबी. हा कार्यक्रम इंदुरात कुठल्याही कामात धरलेलाच असतो. पोह्याच्या गाडीवर विकेटबद्दल सगळ्यांचं मत तयार असतं. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक आणलेलं हे गाव, त्यामुळे मत नसेल तर नवल. ८ डिसेंबर २०११ला सेहवागने इथे वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ काढले, तेव्हा गाडीवर फक्त सेहवाग होता. मार्च २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाची कसोटी तिसऱ्या दिवशी सकाळीच आटोपली, पहिल्याच दिवशी १४ गडी पडले होते, तेव्हा मात्र जो तो मातीतला जाणकार झाला. आयसीसीने त्या खेळपट्टीला आधी 'खराब' ठरवून ३ दोषांक दिले. बीसीसीआयच्या अपिलानंतर शेरा 'सरासरीपेक्षा कमी' असा बदलला आणि १ दोषांक उरला. ती कसोटी मुळात धरमशालेची, तिथलं आउटफील्ड तयार नव्हतं म्हणून १३ फेब्रुवारीला ती इंदूरला दिल्याचं जाहीर झालं आणि १ मार्चला खेळ सुरू. एवढ्या दिवसांत विकेट तयार होते, नाही असं नाही. पण मध्येच काही बिनसलं तर पुन्हा भिजवून वाळवायला दिवस कुठून आणणार? मला तरी त्या शेऱ्यापेक्षा हे कॅलेंडर जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुपारी उन्हात विकेट उघडी टाकली तर वरचा थर खालच्याआधी वाळतो आणि घाईने वाळवलेल्या पापडासारखा कडेने उचलतो. म्हणून वर तागाची गोणपाटं पसरायची, ऊन उतरलं की काढायची. प्लास्टिकचं कव्हर तासन्‌तास ठेवलं तर खाली माती घामेजते, म्हणून तेही उगाच घालून ठेवायचं नाही. जुन्या विकेटवर गोलंदाजांच्या पायांनी पडलेले खड्डे भरायचं कामही याच वेळेचं. सुटी माती झाडायची, तळ खरवडायचा, पाणी शिंपडायचं, ओलसर माती थोडी थोडी घालत धुम्मसने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकायची. एकदम भरली तर पहिल्याच षटकात ढेकूळ निघून येतं.

निंदणीच्या बायकांबद्दल कोणी लिहीत नाही. शेजारच्या गावांतून येतात, खुरपं घेऊन ओळीने बसतात आणि लव्हाळा गाठीसकट काढतात. गाठ आत राहिली की तो पुन्हा उगवलाच. मैदान जमिनीपासून हातभर उंचीवरून बघणारी माणसं हीच. त्यांतल्या एका मावशींनी एकदा वितभर जागा दाखवली, 'भिया, यहाँ नीचे पानी चल रिया है.' आम्हाला नुसतं जरा जास्त हिरवं गवत दिसत होतं. उकरलं तर स्प्रिंकलरच्या पाइपचा जोड गळत होता, आणि ते पाणी विकेटच्या दिशेनेच जात होतं. त्यांची मजुरी गड्यांपेक्षा कमी आहे. का, याचं धड उत्तर मला ठेकेदाराकडून मिळालेलं नाही.

सामन्याच्या दिवशी त्या मानाने ठरलेलं काम. रेषा मारायच्या, स्टंप रोवायचे, भुशाची बादली तयार ठेवायची. डाव बदलताना किंवा दिवसाचा खेळ सुरू होण्याआधी फलंदाजी करणाऱ्या कप्तानाने मागितला तर रोलर फिरवायचा, पण सात मिनिटांपेक्षा जास्त नाही, तसा नियमच आहे. पाऊस आला तरच खरी धावपळ. कव्हर टाकणं सोपं, काढणं अवघड. वर साचलेलं पाणी विकेटवर न सांडता बाहेर ओढून न्यायचं असतं आणि सगळ्यांनी एकाच लयीत ओढलं नाही तर तळं मध्येच उलटतं. आता कळलं असेल एवढी माणसं कशाला.

भाच्याचं म्हणाल तर अंगमेहनतीची सवय असेल आणि पहाटे उठायला कुरकुरत नसेल तर जरूर जाऊ दे. पगार ठेक्यावर फार नसतो, हे आधी बोलून घ्या. हजेरी, पीएफ आणि पावसाळ्यात काम चालू राहणार का, हे तिन्ही विचारा. मोवरचं पातं बसवणं आणि धार लावणं शिकला तर कुठल्याही मैदानावर त्याला विचारतील. पुढे जायचं असेल तर बीसीसीआय क्युरेटरांसाठी (विकेट तयार करणाऱ्या प्रमुखांसाठी) प्रशिक्षण आणि परीक्षा घेत आली आहे. त्यात माती, गवत, निचरा सगळं येतं. आणि जमलं तर जूनमध्ये रुजू होऊ दे. पावसाळ्यात सामने नसतात, तेव्हा जुना स्क्वेअर, म्हणजे मैदानाच्या मधला विकेटांचा चौकोन, उकरून नवी माती घालतात, हरळी लावतात. ऑक्टोबरात आलेल्याला ती माती झाकलेलीच मिळते.