दोन वर्ग एका खोलीत आणि वर प्रभारी मुख्याध्यापकपद, कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत आहेत, जुन्या मुख्याध्यापकांची बदली झाल्यावर चार्जही तुमच्याकडे आला आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो. मी अशाच वाडीवरच्या शाळेत अकरा वर्षं काढली, म्हणून आधी घशाचंच बोलतो.

घसा बसतो दोन्ही वर्गांना एकाच वेळी शिकवायला गेल्यामुळे. मीही तेच करायचो. फळ्याच्या मधोमध रेघ, डावीकडे तिसरीची वजाबाकी, उजवीकडे चौथीचा भागाकार आणि मधे मी ओरडतोय. वह्या तपासताना कळलं, तिसरीची निम्मी पोरं भागाकारच उतरवून घेत होती. तेही सुबक अक्षरात!

फळा सोडा. चौथीबरोबर वीस मिनिटं खाली सतरंजीवर बसा. तेवढा वेळ तिसरीला शिकवून झालेल्या भागाचंच काम द्या, आणि उत्तर त्यांचं त्यांना पडताळता आलं पाहिजे. माझ्याकडे चिंचोके होते आणि लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं, पुढे उदाहरण, मागे उत्तर. "सर, झालं" म्हणत कुणी आलं की बोलायचं नाही, खुंटीवरच्या कार्डांच्या पिशवीकडे नुसतं बोट दाखवायचं. हे अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागले. तेवढ्यात पाठ मागे पडले, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी विचारलंही. पडू देत. पुढे तिसरीतली एक मुलगी कार्डं सोडवता सोडवता चौथीचे अपूर्णांक ऐकायची, ते मी बंद केलं नाही.

आता कागदांचं. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. पण पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची आकडेवारी भरायची सरकारी प्रणाली), "माहिती आजच्या आज पाठवा" हे सगळं शाळेचंच काम म्हणून येतं, तिथे कलम दाखवून भांडण्यात अर्थ नाही. मी व्हॉट्सॲपचा गट दोनदाच उघडायचो, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. खरंच तातडीचं असलं की फोन येतोच.

शाळा व्यवस्थापन समितीला नुसतं सह्यांपुरतं बोलावू नका. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. आमच्याकडे तांदूळ आला की दोन आया ताणकाट्यावर पोती मोजून घ्यायच्या, मी रजिस्टरला नोंद करायचो. माझा अर्धा तास वाचायचा आणि गावातली कुजबुजही थांबली.

राहिला सहकारी रजेवर असण्याचा दिवस, म्हणजे चारही वर्ग तुमच्या गळ्यात. त्या दिवशी पाठ घेण्याच्या भानगडीत पडू नका. चौथीतल्या एकेकाला पहिलीतलं एकेक पोर जोडून द्या, तिसरीला दुसरी, गोष्टींची पुस्तकं काढा आणि तुम्ही गप्प बसा.