वडिलांना डेंग्यू झालाय आणि पायाला मधुमेहाची जखमही आहे. सीआरपी 96 आलाय, तो नेमका कशामुळे?

मी भांडुपला फॅमिली डॉक्टर आहे. पावसाळ्यात असा एखादा पेशंट येतोच. तुम्ही लिहिलंय: सीआरपी 96, ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) 85, पांढऱ्या पेशी 7,200, प्लेटलेट 88,000, एनएस1 (डेंग्यूची तपासणी) पॉझिटिव्ह. सगळं खापर डेंग्यूवर फोडू नका, एवढं आधीच सांगतो.

सीआरपी म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, तो यकृतात तयार होतो. अंगात कुठेही दाह झाला की काही तासांत चढू लागतो आणि कारण मिटलं की भराभर उतरतो. दाह कुठे आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. नुसत्या डेंग्यूत तो सहसा इतका चढत नाही, म्हणून मी असतो तर आधी पायाचं ड्रेसिंग सोडायला लावलं असतं. (रिपोर्टवर युनिट बघा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. 96 आणि 9.6 एकच असू शकतात. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा, नाहीतर आकडा उतरला म्हणून उगाच पेढे वाटाल.)

पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत यावर तर अजिबात जाऊ नका. डेंग्यूत त्या कमी होतात, जखमेतल्या इन्फेक्शनने वाढतात. दोन्ही एकदम असलं की रिपोर्ट साळसूद दिसतो. शिवाय मधुमेहात पाय चांगलाच चिघळलेला असूनही काउंट न वाढणं आम्हाला नवीन नाही.

ईएसआर रक्त कमी असलं किंवा किडनीचा त्रास असला तरी वाढतो. पण अशा जखमेत तो 70 च्या वर गेला की इन्फेक्शन हाडात उतरलंय का, हे बघावंच लागतं. निर्जंतुक बोथट सळई जखमेत घालून ती हाडाला टेकते का ते पाहतात, एक्स-रे काढतात, गरज पडली तर एमआरआय. प्रोकॅल्सिटोनिन (ही आणखी एक रक्ततपासणी) विषाणूच्या तापात बहुधा कमीच राहतं, त्यामुळे ते वाढलेलं आलं तर बॅक्टेरियाचा संशय बळावतो. कमी आलं म्हणून पाय सुटला असं नाही. एकाच जागी दबलेलं इन्फेक्शन त्यात दिसेलच असं नसतं.

वडील "दुखत नाही" म्हणतील. नसा बधिर झाल्यावर दुखणार कसं? लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली, पू किंवा घाण वास आला, बोट काळं पडू लागलं, तर सकाळची वाट न बघता केईएम, सायन, जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे न्या. जखम साफ करण्याआधी सर्जनना प्लेटलेटचा आकडा सांगा. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

आणखी एक. महिन्याभरात ते साचलेल्या पाण्यातून चालले होते का? लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा बॅक्टेरियाचा आजार) उघड्या जखमेतून शिरतो, त्यातही प्लेटलेट पडतात आणि सीआरपी चांगलाच वाढतो. पाण्यात पाय गेला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, एनएस1 पॉझिटिव्ह आहे म्हणून लेप्टोची तपासणी राहायला नको.