महापुरात मठ, मशीद, तालीम आणि संस्था एकत्र काम कशा करतात?

तुम्ही विचारलंय की आपत्तीच्या वेळी देवस्थानं, मठ, मशिदी आणि स्वयंसेवी संस्था खरंच एकमेकांना धरून काम करतात का, आणि तुमच्या नदीकाठच्या गावात असा गट उभा करायचा तर सुरुवात कुठून करायची.

मी कोल्हापूरचा. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, या दोन्ही महापुरांत मी आमच्या पेठेतल्या मदत केंद्रावर वही सांभाळायला बसलो होतो. तिथून जे दिसलं ते सांगतो.

इथं पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. दोन्ही वेळा ते 55 फुटांच्या वर गेलं. 2019 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि बालिंगा, शिंगणापूरची पाणी उपसा केंद्रं बुडाली, म्हणून चहूकडं पूर आणि नळाला थेंब नाही. बोटीतून माणसं बाहेर काढायला एनडीआरएफ होतं, लष्कर होतं, आपल्या व्हाईट आर्मी या स्थानिक बचाव पथकाची पोरं होती. पण चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतून ओल्या अंगानं आलेल्या माणसाला कोरडा कपडा, गरम घास आणि पाठ टेकायला जागा कुणी द्यायची? बाहेरून ट्रक यायला रस्ताच नव्हता. ते गावानंच केलं.

आणि गावात ज्याच्याकडं जे होतं ते त्यानं पुढं केलं. मठाकडं मोठी भांडी, शंभर-शंभर माणसांचा स्वयंपाक करायची रोजची सवय आणि प्रशस्त सभागृह. मशिदीकडं भोंगा, पाण्याची टाकी आणि रात्री दोनला हाक मारली तरी येणारी पोरं. तालमीकडं पोहणारे आणि पोती उचलणारे. संस्थांकडं डॉक्टर, औषधं आणि कलेक्टर कचेरीत कुणाला फोन करायचा याची माहिती. यातलं एकही काम दुसऱ्यानं हातात घेतलं असतं तर ते निम्म्यानंसुद्धा झालं नसतं. त्यामुळं ‘एकत्र’ याचा अर्थ मी असा घेतो: काम ज्याचं त्यानं करायचं, माहिती मात्र एकाच ठिकाणी आणून द्यायची.

ती जागा म्हणजे वही. साधी दोनशे पानी, शाळेची. पट्टीनं पाच रकाने आखलेले: गाव किंवा छावणी, माणसं किती, काय हवं, कोण नेणार, पोचलं का. शेवटचा रकाना पहिल्या दिवशी नव्हताच. दुसऱ्या दिवशी कळलं की हमरस्त्यालगतच्या एका शाळेत तीन गटांनी दुपारचं जेवण नेलंय आणि आतल्या वस्तीवरच्या शाळेत लेकरं बिस्किटावर आहेत. तिन्ही गट मनापासून राबत होते, फक्त एकमेकांशी बोलले नव्हते. तेव्हा तो रकाना आखला, आणि तिथून फोन येऊन माणसानं स्वतः ‘मिळालं’ म्हटल्याशिवाय खूण करायची नाही असं ठरलं.

भाकरीचं सांगतो. गल्लीतल्या बायकांनी घरटी दहा भाकरी द्यायच्या ठरवल्या. संध्याकाळी फडक्यात गुंडाळलेल्या थप्प्या यायच्या, वर लसणाची चटणी. एका छावणीत जैन कुटुंबं होती, कांदा-लसूण चालत नाही आणि अंधार पडल्यावर जेवत नाहीत. पेठेतल्या एका मुस्लिम काकूंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाच वेगळी थप्पी आणून ठेवली, सोबत नुसत्या शेंगदाण्याची चटणी. ‘यात लसूण नाही, तवा पण वेगळा घेतलाय,’ एवढंच बोलून गेल्या. ते वहीत कुठल्याच रकान्यात बसलं नाही. मी समासात लिहून ठेवलं.

सगळंच असं नव्हतं. एका गटानं आपला बॅनर लावल्याशिवाय आणि घोषणा म्हणवून घेतल्याशिवाय शिधा वाटणार नाही असं धरलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या मावशी पिशवी न घेताच परत फिरल्या. तो प्रसंग मला आजही सलतो. रेड क्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी 1994 साली मिळून जी आचारसंहिता केली, तिच्यात हे स्पष्ट आहे: मदत गरज बघून द्यायची, जात-धर्म बघून नाही, आणि तिच्या आडून आपला पंथ पुढं रेटायचा नाही. तुमच्या पहिल्या बैठकीत हा नियम मोठ्यानं वाचा. ज्याला मान्य नाही त्यानं वेगळं काम करावं, पण वहीत नोंद नको.

आमच्याकडं हे जमायला जुनी पायवाटही आहे. शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाच्या वसतिगृहांना हात दिला, ती एकाच गावात शेजारधर्मानं नांदली. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. ओळख आधीची असली की पुरात दार वाजवायला संकोच वाटत नाही. तुमच्याकडं ती नसेल तर उन्हाळ्यात करून घ्या, पाणी चढल्यावर ते होत नाही.

दोन गोष्टी हमखास राहतात. पहिली जनावरं. शिरोळ तालुक्यात कितीतरी माणसं घर सोडायला तयार नव्हती, कारण दावणीला म्हैस होती. वैरण आणि जनावरांची छावणी आधी ठरली तर माणूस वेळेत निघतो. 2021 ला लोक पुष्कळ लवकर निघाले, 2019 नं शिकवलं होतं. दुसरी, पाणी उतरल्यानंतरचा चिखल. तोवर जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडलेले असतात आणि खराटा, फावडं, घमेलं, ब्लीचिंग पावडर मात्र कुणी पाठवत नाही. बाहेरून ‘काय पाठवू?’ असा फोन आला की हीच नावं सांगा.

सुरुवातीचं विचाराल तर मे महिन्यात पाच जणांना चहाला बोलवा: मठाचा व्यवस्थापक, मशिदीचा विश्वस्त, तालमीचा वस्ताद, गावची आरोग्यसेविका आशाताई, तलाठी. कुणाकडं किती भांडी, किती सतरंज्या, कुणाची गाडी, कोण पोहतं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे त्याच बैठकीत लिहून घ्या. वही अशा माणसाकडं द्या जो घराबाहेर धावणार नाही. आमच्याकडं ती माझ्याकडं आली, कारण माझा गुडघा दुखत होता आणि अक्षर बरं होतं.