दीर म्हणतात, मिक्सर घेऊ नका

प्रश्न : माझ्या खात्यात लाडक्या बहिणीचे १५०० येतात, ते साठवून मिक्सर घ्यायचा विचार होता. दीर म्हणतात, वहिनी घेऊ नका, राज्यावर ९ लाख कोटींच्या वर कर्ज आहे, म्हणजे माणशी ७० हजार, आज दिलेलं उद्या टॅक्स लावून सव्याज वसूल करणार, पैसे बाजूलाच ठेवा. खरंय का हे? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, दिरांना सांगा, हे डेव्हिड रिकार्डो नावाचा इंग्रज अर्थतज्ज्ञ २०० वर्षांपूर्वीच बोलून गेलाय. सरकारने टॅक्स घेतला काय नि कर्ज काढलं काय, सारखंच, कारण शहाणी माणसं उद्याच्या टॅक्ससाठी आजच पैसे साठवतील, असं ते गणित. गंमत म्हणजे लोक खरंच असं वागतील हे त्याला स्वतःलाच पटलं नव्हतं, १९७४ मध्ये रॉबर्ट बॅरो या अमेरिकन प्रोफेसरने ते परत उकरून काढलं आणि तेव्हापासून भांडण चालूच आहे.

पण ज्या घरात २० तारखेलाच हात रिकामा होतो आणि किराणावाल्याची वही भरलेली असते तिथे १५०० आले की त्याच दिवशी जातात, उद्याच्या टॅक्सची काळजी करायला आधी शिल्लक तर पाहिजे ना.

आणि माणशी ७० हजार हा नुसता भागाकार झाला, बिल नाही. २०२५-२६ च्या बजेटमध्ये कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता, पण हे पैसे दिलेत कोणी? राज्याचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, घेतात बँका, एलआयसी, पीएफवाले, व्याज तिकडे जातं. भरतो कोण, तर राज्याला पगारावर इन्कम टॅक्स लावता येत नाही, मग पेट्रोलवरचा व्हॅट, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी यातूनच बराचसा काढणार. म्हणजे एफडी-पॉलिसीवाल्याला व्याज मिळतं आणि स्कुटीत २०० चं पेट्रोल टाकणारी ते भरते, मला खटकतं ते हे.

दिरांची भीती अगदीच खोटी नाही, फक्त तंगी आली की टॅक्सच्या आधी खर्चालाच कात्री लागते. योजना आली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी म्हणाले होते, २०२५-२६ मध्ये तरतूद झाली ३६ हजार कोटी, आणि १५०० चे २१०० करण्याचं आश्वासन त्या बजेटमध्ये आलंच नाही.

तेव्हा साठलेत तेवढ्यात येणारा मिक्सर खुशाल घ्या. ईएमआयवर मात्र नको, योजनेचे पैसे एखाद्या महिन्यात लांबले तरी फायनान्सवाला पाच तारखेला कापणारच.