आगाऊ कार्टं लोकांना हसवतं कधी आणि डोक्यात जातं कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी अर्ध्या तासाचं विनोदी नाटुकलं लिहिताय. त्यातला दहा वर्षांचा बंड्या आगाऊ, शिष्ट, खादाड आहे आणि प्रत्येक कामात तोंडावर आपटतो. पण वाचनाच्या वेळी कुणी हसलं नाही. उलट एक काकू म्हणाल्या, "याला दोन ठेवून द्यायला हव्यात." तर अशा पात्राच्या अंगी कोणते स्वभावगुण असावेत?

उन्हाळी शिबिरांत मुलांची नाटकं बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे या काकूंचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. त्यांचं चुकलेलं नाही.

गुणांची यादी तुमच्याकडे आधीच आहे. खोटं बोलतो, बढाया मारतो, चुगल्या करतो, दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो. सगळं ठीक आहे. अडचण अशी की तुमच्या बंड्याचा आगाऊपणा एका प्रवेशात आहे आणि फजिती भलत्याच प्रवेशात. पहिल्यात तो शेजारच्या आजोबांना उलट बोलतो, दुसऱ्यात केळ्याच्या सालीवरून घसरतो, तिसऱ्यात त्याच्यामागे कुत्रं लागतं. साल कुणी टाकली? कुत्र्याचं याच्याशी काय वाकडं? काही पत्ता नाही. म्हणून आधी त्याचा राग येतो, मग त्याची कीव येते, आणि हसायचं राहून जातं. ज्या अकलेनं तो लोकांना छळतो, त्याच अकलेनं तो खड्ड्यात जायला हवा. एवढं जमलं की बाकीचे गुण तुम्ही कुठलेही घ्या.

याचा सगळ्यात चोख नमुना मला 'साउथ पार्क' या अमेरिकन मालिकेतल्या एरिक कार्टमनमध्ये दिसतो. (मालिका 1997 पासून चालू आहे, चित्रं बालवाडीतली वाटली तरी मुलांसोबत बघायची मुळीच नाही.) हा पोरगा स्वार्थी, लबाड, आईनं लाडावून ठेवलेला. 2001 सालच्या एका भागात त्याची आजी मृत्युपत्रात त्याच्या नावावर दहा लाख डॉलर ठेवते. त्याचं आयुष्यभराचं स्वप्न एकच, झोक्या-पाळण्यांच्या पार्कात रांगेत उभं राहायला लागू नये. म्हणून तो आख्खं पार्क विकत घेतो आणि टीव्हीवर जाहिरात देतो की हे पार्क फक्त माझं आहे, तुम्हाला यायला बंदी.

इथपर्यंत नुसता माज आहे. खरी गंमत पुढे. बंदी घातली म्हटल्यावर मित्र कुंपणावरून आत शिरणारच. त्यांना अडवायला पहारेकरी ठेवावा लागतो. पहारेकऱ्याला पगार लागतो, आणि साहेबांनी सगळे पैसे तर पार्कात घातलेले. मग पगारापुरती रोज दोन माणसं तिकीट लावून आत सोडायची. तेवढ्यात पाळणा बिघडतो, दुरुस्तीला पैसे, म्हणून आणखी थोडी माणसं. करता करता पार्क तुफान चालायला लागतं आणि कार्टमन आपल्याच पार्कात रांगेत उभा! वैतागून तो ते विकून टाकतो, आणि हातात आलेले पैसे कर आणि नुकसानभरपाईत जातात.

यात बाहेरून कुणीही त्याला धक्का मारलेला नाही. एकेक पायरी त्याच्या हट्टातूनच निघते आणि त्या त्या क्षणी त्याचा निर्णय आपल्यालाही पटतो. वाटतं, हो, पहारेकरी तर हवाच. हे पटणं फार महत्त्वाचं. त्याच भागात काइल नावाचा त्याचा मित्र आहे. कार्टमनसारख्याला दहा लाख मिळाल्याचं बघून त्याचा देवावरचा विश्वास उडतो, वर मूळव्याधीनं तो दवाखान्यात पडतो. शेवटी कार्टमनची धूळधाण बघून त्याला बरं वाटायला लागतं. काइल म्हणजे तुमच्या वाचनाला आलेल्या काकू. त्यांना दोन ठेवून द्यायच्या होत्या. ते काम बंड्यानं स्वतःच्या हातानं केलं की त्या खुर्चीत रेलून हसतील.

दुसरी गोष्ट, खात्री. अशा मुलाला आपण चुकतोय याची शंकासुद्धा शिवता कामा नये. डोरेमॉन या जपानी कार्टूनमधला जियान आठवा. आवाज असा की पोरं पळ काढतात, पण तो स्वतःला थोर गायक समजतो आणि धाकदपटशा करून सगळ्यांना मैफिलीला बसवतो. "माझं गाणं तसं बरं नाही, पण ऐका" असं जियान म्हणाला असता तर विनोद तिथेच संपला असता. कार्टमनला कुणी जाड म्हटलं की तो ठणकावून सांगतो, मी जाड नाही, माझी हाडं मोठी आहेत. लोक हसतात ते या ठणकावण्याला.

(म्हणूनच एक विनंती. तुमच्या संहितेत "ए ढोल्या" तीनदा आलंय, ते काढाच. नाटक एका संध्याकाळचं असतं. ते काम करणाऱ्या पोराला हे नाव मात्र सोसायटीत बारावीपर्यंत चिकटतं.)

आता तुम्हाला एक गोष्ट ठरवून टाकायची आहे: बंड्या मुद्दाम त्रास देतो, की त्याच्या हातून त्रास होतो? योगायोग बघा, 'डेनिस द मेनस' याच नावाची दोन चित्रपात्रं 12 मार्च 1951 या एकाच दिवशी लोकांसमोर आली, एक अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि एक ब्रिटनच्या 'बीनो' या मुलांच्या साप्ताहिकात, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. अमेरिकेचा डेनिस मनानं निर्मळ. शेजारच्या विल्सनकाकांना मदत करायला जातो आणि त्यांच्या घराची वाट लावतो. ब्रिटनचा मात्र जाणूनबुजून उच्छाद मांडणारा. त्याच्या जुन्या गोष्टींत शेवटच्या चौकटीत बापाच्या हातची सपाता ठरलेली असायची. दोन्ही चालले, दोन्ही अजून चालतात. पण हिशेब वेगळा आहे. निर्मळ मुलाच्या बाबतीत नुकसान मोठं दाखवलं तरी लोक सांभाळून घेतात. मुद्दाम छळणाऱ्याला तसं सोडून चालत नाही, त्याचं उट्टं तिथल्या तिथे निघावं लागतं. तुमचा बंड्या पहिल्या पानावर एक आहे आणि सहाव्या पानावर दुसरा. वाचनाला थंडपणा आला त्याचं अर्धं कारण तेच असावं.

मला विचाराल तर दुसरा, मुद्दाम छळणारा, घ्या. मात्र तो कुणाला छळतो ते बघून लिहा. अध्यक्ष, सेक्रेटरी, क्लासवाल्या बाई, "आमच्या मुलाला ब्याण्णव टक्के" म्हणणारे काका, यांना छळलं तर प्रेक्षक त्याच्या बाजूनं असतात. लहान किंवा गरीब मुलाला छळलं की लगेच उलटतात. तेही चालवता येतं, पण मग जेफ किनीच्या 'डायरी ऑफ अ विम्पी किड' मधल्या ग्रेग हेफ्लीसारखं चालवावं लागतं. 2007 च्या पहिल्याच पुस्तकात हा ग्रेग काठीला गांडूळ लावून बालवाडीतल्या पोरांच्या मागे धावतो. अंगात त्यानं मित्राचा, रावलीचा कोट घातलेला असतो, त्यामुळे आळ रावलीवर येतो. आई म्हणते, जे योग्य वाटेल ते कर. ग्रेग शांतपणे विचार करतो आणि ठरवतो की रावलीनं शिक्षा भोगणं हेच योग्य! पुढे रावली खरं काय ते सांगतो, ग्रेगचं शाळेतलं पद जातं आणि रावलीला बढती मिळते. हे सगळं ग्रेग स्वतःच्या तोंडानं लिहितो आणि लिहिताना त्याला स्वतःचं जराही चुकलेलं दिसत नाही. आपल्याला मात्र दर ओळीत दिसतं. रंगमंचावर हेच हवं असेल तर बंड्याला मधूनमधून प्रेक्षकांशी बोलू द्या. तो जितक्या तळमळीनं आपली बाजू मांडेल तितका जास्त उघडा पडेल.

त्याचं बोलणं पोरकट लिहू नका. कार्टमन घडवताना 1970 च्या दशकातल्या एका अमेरिकन मालिकेतला आर्ची बंकर हा हेकट, पूर्वग्रहानं भरलेला बाप्या डोळ्यासमोर होता, असं त्याच्या निर्मात्यांनी सांगितलंय. म्हणजे अंग पोराचं आणि हेका पन्नाशीच्या माणसाचा. कार्टूनमधला शिनचॅनही मुळात जपानमध्ये 1990 साली मोठ्यांच्या साप्ताहिकात चित्रकथा म्हणून सुरू झाला. पाच वर्षांचा पोरगा मोठ्यांचं ऐकून ऐकून मोठ्यांसारखं बोलतो, आणि भलत्या ठिकाणी बोलतो. आपल्याकडे पालक इतके वैतागले की 2008 मध्ये सरकारनं त्याचं टीव्हीवरचं प्रसारण थांबवलं. नंतर काटछाट होऊन परत आलं. आपल्या मराठी घरात तर हा माल फुकट मिळतो. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी "आमच्या वेळी शिस्त होती" घाला. अध्यक्ष विचारतील, "तुमच्या वेळी म्हणजे कधी रे?" तो म्हणेल, "मागच्या वर्षी."

आणि त्याची डाळ जिच्यापुढे शिजत नाही अशी एक व्यक्ती नाटकात हवी. शिनचॅनला आई आहे, जियानसुद्धा दुकानात बसलेल्या आईपुढे गोगलगाय होतो. तुमच्या नाटकात आजी आहे, पण ती नुसतीच प्रेमळ आहे. तिला थोडी तिखट करा.

केळ्याची साल आणि कुत्रं काढल्यावर रिकाम्या जागी काय घालायचं, त्याचा नमुना म्हणून हे बघा. हवा तर जसाच्या तसा उचला.

बंड्याला उकडीचे मोदक जास्त हवेत. म्हणून तो स्वतःला प्रसादप्रमुख नेमतो आणि छातीला बिल्ला लावतो. नियम काढतो: प्रत्येकी एकच मोदक, रांग सक्तीची, कुपनाशिवाय मिळणार नाही, आणि उरलेले मोदक प्रसादप्रमुखाचे. आता मोदक उरायचे तर माणसं कमी व्हायला हवीत. म्हणून तो माइकवरून जाहीर करतो की सगळ्या आरत्या, मंत्रपुष्पांजलीसकट, झाल्याशिवाय प्रसाद मिळणार नाही. लोक कंटाळून घरी जातील हा त्याचा हिशेब. पण एवढा थाट म्हणजे मोदक खासच असणार, असं वाटून लोक घरच्यांना फोन करून खाली बोलावतात. रांग लांबतच जाते. बंड्याला घाम फुटतो, पण तोरा कायम. शेवटी ताटात एकच उरतो. तो हात घालणार, एवढ्यात पाच वर्षांची चिंगी म्हणते, "दादा, तू रांगेत नव्हतास." नियम त्याचाच. तो मुकाट्यानं टेबलाला वळसा घालून समोर उभा राहतो. आता द्यायला पलीकडे कुणी नाही. चिंगी बिल्ला मागून घेते, टेबलामागे स्टुलावर चढते आणि हात पुढे करते.

"कुपन?"

बंड्या खिसे चाचपतो. "अध्यक्षांशी बोलावं लागेल."

चिंगी मोदक खाते. इथे बंड्यानं रडायचं नाही. फार तर दोन क्षण त्या रिकाम्या ताटाकडे बघावं, त्याहून जास्त नको. मग माइक घेऊन सांगावं, "पुढच्या वर्षीपासून कुपनपद्धत बंद."

कामाला कुणाला घ्यायचं याबद्दल एकच सांगतो. सोसायटीतला खरोखरचा मस्तीखोर मुलगा घेऊ नका. तो प्रेक्षकांकडे बघून आपल्याच विनोदावर हसतो आणि सगळं घालवतो. वर्गात पहिल्या बाकावर बसणारा, निबंधासारखं बोलणारा गंभीर मुलगा किंवा मुलगी शोधा. बंड्याची बंडी झाली तरी काही बिघडत नाही, उलट अध्यक्षांशी वाद जास्त रंगतील. हशा आला की तो ओसरेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नाही, एवढं मात्र घोटून घ्या. मंडपातल्या माइकला निम्मी वाक्यं तशीही ऐकू येत नाहीत.

राहिला तुमचा शेवट, ज्यात बंड्या आजीचे पाय धरून माफी मागतो आणि "मी शहाण्यासारखं वागेन" म्हणतो. तो सरळ कापा. दहा मिनिटांपूर्वी ज्याला आपली चूक दिसतच नव्हती तो एकदम साधुसंत झाला की आधीचं सगळं खोटं वाटतं, आणि पुढच्या गणपतीत त्याला घेऊन दुसरं नाटक करायची सोयही राहत नाही. पडदा कुपनाच्या घोषणेवर पाडा. मंडळ म्हणेल की काहीतरी संदेश हवा. तो अध्यक्षांच्या भाषणात टाकायला सांगा, ते तसेही अर्धा तास बोलतात.